शेतांतील तणभात : त्याचें कूळ व मूळ

भातशेतींतील तणांची गणना करूं लागल्यास तीं पुष्कळ निघतील. परंतु बहुतेक तणें रूपानें भाताहून निराळीं असल्यामुळें बेणणीच्या वेळीं तीं हातास सांपडतात. एक तण मात्र असें आहे कीं, तें स्वतः भातच आहे. पान भाताचें, पेरें भाताचें, मूळही भाताचेंच. पिकांत उभें असतां कोंवळेपणीं जाणत्या माणसासही तें ओळखूं येत नाहीं. पुढें तें बहुधा पिकाहून उंच होतें, आधीं निसवतें, त्याच्या दाण्यास पुष्कळदां लांब कुसळें येतात, आणि पीक कापणीस येण्यापूर्वींच त्याचे दाणे जमिनीवर गळून पडतात. जे थोडे दाणे पिकाबरोबर खळ्यांत येतात त्यांचा तांदूळ बहुधा तांबडा निघतो व सबंध मालाचा भाव उतरवितो. छत्तीसगढांत यास 'करगा' म्हणतात. मलेशियांत यास 'पाडी आंगिन' म्हणजे 'वाऱ्याचें भात' असें नांव आहे. वाऱ्याच्या झुळकेसरशीं दाणे गळतात म्हणून. या लेखांत आपण यास 'तणभात' म्हणूं.

हें तण येतें कोठून, असें विचारल्यास शेतकऱ्यांकडून दोन उत्तरें ऐकूं येतात. कोणी म्हणतात, ओढ्याकांठचें देवभात पाण्याबरोबर शेतांत आलें. कोणी म्हणतात, बियाण्यांत भेसळ झाली. दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे. परंतु गेल्या वीस वर्षांत शास्त्रज्ञांनीं तणभाताची जी वंशावळ शोधून काढली आहे तीवरून तिसरेंच एक उत्तर पुढें आलें आहे. तें असें कीं, तणभात हें पुष्कळ ठिकाणीं आपल्या लागवडीच्या भाताचीच पुन्हां रानटी झालेली संतति होय. मजुरांच्या अभावीं लावणी सोडून थेट पेरणीकडे वळण्याचा विचार आज अनेक शेतकरी करीत आहेत. त्यांनीं तरी ही वंशावळ निर्णयापूर्वीं अवश्य समजून घ्यावी.

भात माणसाळलें कसें

आशियांतील लागवडीचें भात, ज्याचें शास्त्रीय नांव ओरायझा सटायव्हा असें आहे, तें रानभातापासून उत्पन्न झालें. आजही तळ्यांच्या कांठीं व दलदलींत उगवणाऱ्या या रानभाताच्या दोन जाती सांगतात. ओरायझा रुफिपोगॉन ही खोल पाण्यांत अनेक वर्षें जगणारी. ओरायझा निवारा ही एका वर्षांत आपलें आयुष्य संपविणारी. दुसऱ्या जातीचें नांव शर्मा व शास्त्री या भारतीय शास्त्रज्ञांनीं १९६५ सालीं ठेविलें, आणि तें आपल्या 'नीवार' या संस्कृत शब्दावरून घेतलेलें आहे. मुनींचें अन्न म्हणून जुन्या ग्रंथांत ज्याचा उल्लेख येतो तें नीवार रानभातच होय. छत्तीसगढांत पसहर या नांवानें रानभाताचा तांदूळ हलषष्ठीच्या व्रतास लागतो. कारण त्या दिवशीं नांगर न लावतां उगवलेलें धान्यच खावयाचें असतें.

रानभाताचा दाणा पिकला कीं गळतो. दाणा व त्याचा देठ यांच्यामध्यें नाजूक पेशींचा एक थर असतो. दाणा तयार होतांच तो थर तुटतो. गळलेला दाणा लगेच रुजत नाहीं. कोरडे महिने तो निजून काढतो, आणि कांहीं दाणे तर एक-दोन पावसाळे तसेच जाऊं देऊन मग उगवतात. एखाद्या वर्षीं पाऊस फसला तरी वंश बुडूं नये, अशी ही निसर्गाची तजवीज आहे.

मनुष्यास याच्या अगदीं उलट गुण हवे होते. दाणा लोंबीवर टिकावा, सर्व दाणे एकदम पिकावे, आणि पेरतांच उगवावे. जीं रोपें दाणा धरून ठेवीत तींच कापून घरीं येत, व तींच पुढें पेरलीं जात. चीनमधील यांग्त्सी नदीच्या खोऱ्यांत सुमारें ९-१० हजार वर्षांपूर्वीं सुरू झालेली ही क्रिया हजारों वर्षें चालली, आणि रानभाताचें पीक झालें.

प्रत्येक बियांत त्या वनस्पतीच्या सर्व गुणांचा जणूं एक लेख असतो. त्या लेखांतील एकेका कलमास शास्त्रज्ञ 'जनुक' म्हणतात. २००६ सालीं ली, झोऊ व सांग या शास्त्रज्ञांनीं दाणा गळण्याच्या गुणाशीं संबंध असलेलें एक महत्त्वाचें जनुक उजेडांत आणिलें. त्यास 'एसएच-४' असें नांव आहे. रानभाताच्या या कलमांतील एकच अक्षर लागवडीच्या भातांत बदललेलें आहे, आणि तेवढ्या बदलानें तो तुटणारा थर नीट तयार होईनासा झाला. दाणा लोंबीवर टिकला आणि विळ्याचें काम साधलें.

विळा एक बीं निवडतो, जमीन दुसरें

आपल्या शेतांत दरवर्षीं बियाण्याचे दोन सांठे होत असतात. एक सांठा आपण कणगींत भरतो. त्यांत जाण्यास दाणा कापणीपर्यंत लोंबीवर टिकला पाहिजे. दुसरा सांठा जमीन आपल्या पोटांत भरते. त्यांत जाण्यास दाणा कापणीपूर्वीं गळला पाहिजे, पाखरांच्या व उंदरांच्या तावडींतून सुटला पाहिजे, आणि अवकाळी सरीनें न फसतां पुढील पावसाळ्यापर्यंत निजून राहिला पाहिजे.

लावणीच्या शेतींत जमिनीचा हा सांठा दरसाल बराचसा नष्ट होतो. पहिल्या पावसानें जें उगवेल तें चिखलणींत गाडलें जातें, आणि जें मागें राहील त्यास उभ्या पाण्याखालीं सहसा उगवतां येत नाहीं. शेतांत उभें राहतें तें दाढेंतून उपटून आणलेलें रोप. परंतु बीं थेट जमिनींत फोंकलें कीं कणगींतलें व जमिनींतलें अशीं दोन्ही बियाणीं एकाच सरीनें, एकाच दिवशीं उगवतात. मग पिकांत एखादें गळणारें रोप कोठूनही उत्पन्न होवो, त्याच्या संततीस जमीन आश्रय देते, आणि सालोसाल तिची संख्या वाढते. भात माणसाळलें तें विळ्याच्या निवडीनें. तें पुन्हां रानटी होतें तें जमिनीच्या निवडीनें.

वंशावळीचा पुरावा

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें. वारसाच्या तंट्यांत शंभर तोंडी जबान्यांपेक्षां जुन्या कागदावरील एक शिक्का अधिक बोलतो, हा तेथील नित्याचा अनुभव. तणभाताच्या कुळाचा निर्णय अशाच एका शिक्क्यानें झाला आहे.

तणभात जर निव्वळ रानभाताचें असतें, तर त्याच्या एसएच-४ या कलमांत रानटी अक्षर सांपडलें असतें. अमेरिकेंतील तणभाताची अशी तपासणी होऊन २०१० सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो याच्या विरुद्ध होता. त्या तणभातांत माणसाळलेल्या भाताचेंच अक्षर आढळलें. आणि तरीही त्याचे दाणे गळतात! याचा अर्थ स्पष्ट आहे. त्याचे पूर्वज एके काळीं शेतकऱ्याच्या कणगींत होते. तेथून निसटल्यावर त्यांनीं गळण्याचा गुण निराळ्या कलमांतील बदलांनीं पुन्हां मिळविला. जुना शिक्का मात्र कागदावर तसाच राहिला.

अमेरिकेंत तणभाताचे मुख्य प्रकार दोन. एकाचें तूस पेंढ्याच्या रंगाचें व बिनकुसळाचें. दुसऱ्याचें काळें व कुसळाचें. पहिला प्रकार आशियांतील इंडिका गटाच्या भाताशीं जुळतो, व दुसरा बंगालकडील औस भाताशीं. अमेरिकेंत व्यापारी लागवड होते ती मुख्यतः जॅपोनिका गटाच्या भाताची. औस तर तेथें व्यापारासाठीं कधींच पिकविलें गेलें नाहीं. त्या देशांत खरें रानभातही नाहीं. तेव्हां हें तण बियाण्याच्या पोत्यांतूनच समुद्र ओलांडून गेलें असलें पाहिजे. २०१७ सालीं अमेरिका व चीन या दोन देशांतील तणभाताचे सबंध आनुवंशिक लेख वाचून पाहण्यांत आले. त्यांवरून असें दिसलें कीं, माणसाळलेलें भात पुन्हां रानटी होण्याची घटना निरनिराळ्या ठिकाणीं स्वतंत्रपणें अनेकदां घडली आहे. अर्थात् हा कोणा एका देशाचा किंवा एका वाणाचा दोष नव्हे. भात जेथें पिकतें तेथें हा धोका आहेच.

तांबडा रंग आणि झोंप

तणभाताचा तांदूळ बहुधा तांबडा कां, यालाही आतां उत्तर मिळालें आहे. रानभाताचा तांदूळ मूळचा तांबडाच असतो. 'आरसी' या नांवाचें एक जनुक तो रंग उत्पन्न करितें. आपल्या बहुतेक पांढऱ्या तांदुळांत या जनुकांतील १४ अक्षरें गळून गेलेलीं आहेत, असें २००६ सालीं आढळलें. पुढें २०११ सालीं असें सिद्ध झालें कीं, हेंच जनुक दाण्याची झोंपही वाढवितें. म्हणजे रंग व झोंप हे दोन गुण एका दोरींत बांधलेले आहेत. जमिनीच्या सांठ्यांत टिकून राहण्यास झोंप हवी. झोंपेबरोबर तांबडा रंग येतो.

येथें एक गैरसमज होऊं नये. कोंकणांत पेजेकरितां जें लाल भात आवडीनें पिकवितात तें तण नव्हे. त्याचा दाणा लोंबीवर टिकतो व कापणीनें घरीं येतो. तण ठरतें तें गळण्यानें आणि जमिनींत लपून राहण्यानें. रंग ही केवळ खूण आहे, आणि तीही अचूक नव्हे, कारण पांढऱ्या तांदुळाचें तणभातही असतें.

आपल्या देशांतील विशेष अडचण

अमेरिकेंत रानभात नसल्यामुळें तेथील तणभाताचें कूळ सरळ लागलें. आपल्याकडे प्रकरण गुंतागुंतीचें आहे. येथें शेताच्या बांधापलीकडे नाल्यांत देवभात उभें असतें. भाताचें फूल बहुतकरून स्वतःच्याच परागानें फळतें. तथापि शेजारच्या फुलाचा पराग क्वचित् वाऱ्यानें येऊन पडतो, आणि रानभात व लागवडीचें भात यांचा संकर होतो. दक्षिण आशियांतील तणभाताची जी तपासणी २०१७ सालीं प्रसिद्ध झाली तींत त्याचीं कुळें अनेक निघालीं : कांहीं लागवडीच्या भातापासून झालेलीं, आणि कांहींत रानभाताचें रक्त मिसळलेलें. म्हणून शेतकऱ्यांच्या पहिल्या उत्तरांतही तथ्य आहे. देवभात शेतांत येतें, पण पाण्याबरोबर येतें तसेंच परागाच्या वाटेनेंही येतें.

या संकराचा परिणाम काय होतो याचा धडा छत्तीसगढानें पूर्वींच घालून दिला आहे. तो मुलूख १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतांत आपल्या भंडारा-चांद्याबरोबरच होता. तेथें भात फोंकून पेरण्याची चाल असल्यामुळें करग्याचा उपद्रव फार. गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथें अशी युक्ति काढण्यांत आली कीं, जांभळ्या पानांच्या भाताचें बीं पेरावें. म्हणजे हिरवें दिसेल तेवढें करगा समजून उपटून टाकतां येईल. युक्ति सोपी व बिनखर्ची होती, आणि आरंभीं ती लागूही पडली. परंतु थोड्याच वर्षांत करगाही जांभळा होऊं लागला. जांभळ्या पिकाचा पराग करग्याच्या कांहीं फुलांवर पडला, त्यांतून कांहीं जांभळीं करगारोपें निघालीं, आणि बेणणाऱ्यांनीं हिरवीं उपटून जांभळीं राखलीं. तणाची निवड बेणणाऱ्याच्या हातानेंच झाली.

औषध सहन करणारें भात

हीच कथा अलीकडे दुसऱ्या रूपानें घडली आहे. तणभात हें भातच असल्यामुळें, भातास न मारतां तेवढेंच मारणारें औषध मिळणें कठीण. यावर उपाय म्हणून एका विशिष्ट गटाचें तणनाशक सहन करणारें भात अमेरिकेंत तयार करण्यांत आलें व २००२ पासून शेतकऱ्यांस मिळूं लागलें. पीक वांचतें, तण मरतें; शेतकऱ्यांस मोठा दिलासा मिळाला. परंतु कांहीं वर्षांतच तें औषध सहन करणारें तणभात तेथील शेतांत दिसूं लागलें. जांभळ्या रंगाप्रमाणेंच सहनशक्तीचा गुणही परागाबरोबर पलीकडे गेला.

संकर फारच क्वचित् होतो, मग एवढी भीति कशास, असें कोणी म्हणेल. हिशेब करून पाहूं. समजा, एका शेतांत तणभाताचीं १,००० रोपें उभीं आहेत व प्रत्येकास २०० दाणे येतात. म्हणजे २,००,००० दाणे झाले. हजारांत एकच दाणा संकराचा धरला तरी २०० दाणे होतात. पुढील सालीं औषध फवारलें कीं बाकीचीं रोपें मरतात आणि या दाण्यांचीं रोपें निर्वेध वाढतात.

आपल्या देशांत नवी दिल्ली येथील भारतीय कृषि संशोधन संस्थेनें इमॅझेथापायर हें तणनाशक सहन करणारे पुसा बासमती १९७९ व पुसा बासमती १९८५ हे वाण काढले असून ते २०२१ सालीं प्रसारित झाले. थेट पेरणी करणाऱ्यास त्यांचा उपयोग होण्यासारखा आहे. परंतु असें भात त्याच शेतांत सालोसाल पेरणें, किंवा औषधांतून वांचलेलीं तणरोपें तशींच पिकूं देणें, म्हणजे छत्तीसगढाचा जुना प्रयोग नव्या खर्चानें पुन्हां करणें होय.

लावणी सोडतां काय घडतें

मलेशियाचें उदाहरण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. तेथें मजूर महाग झाल्यामुळें १९८० नंतरच्या दशकांत शेतकरी झपाट्यानें थेट पेरणीकडे वळले. आणि १९८८ सालीं सेलांगोर प्रांतांत वाऱ्याच्या भाताचा उपद्रव प्रथम नोंदला गेला. तेथून तो देशांतील इतर भातप्रदेशांत पसरला. यावरून थेट पेरणी करूंच नये असें मात्र नव्हे. आपल्याकडे कोंकणांत धूळवाफ पेरणी व विदर्भांत आवत्या या रीती आहेतच, आणि मजुरीचा प्रश्न सर्वांसच आहे. सांगणें इतकेंच कीं, लावणींत चिखलणीनें व उभ्या पाण्यानें जें काम आपोआप होत होतें, तें लावणी सोडल्यावर शेतकऱ्यास स्वतः करावें लागेल.

शेतकऱ्याच्या हातांतील उपाय

पहिला उपाय बियाण्याचा. एकरी ३० किलो बीं फोंकलें व त्यांत किलोमागें तणभाताचे केवळ २ दाणे असले, तर एकरांत ६० रोपें होतील. प्रत्येकाचे २०० दाणे गळले तर १२,००० दाणे जमिनींत जातील. त्यांपैकीं दहावा हिस्साच पुढील सालीं उगवला तरी रोपें १,२००. आणि त्यांचे दाणे २,४०,०००. दोन दाण्यांची किंमत तिसऱ्या वर्षीं अशी द्यावी लागते. बीज-प्रमाणीकरणाच्या नियमांत रानभात हें भातपिकाचें आक्षेपार्ह तण म्हणून नांवानिशीं नोंदलेलें आहे, तें याचसाठीं. घरचें बीं धरणाऱ्यानें स्वच्छ खाचर निवडून, लोंब्या पाहून, हातानें बीं राखावें. मिठाच्या पाण्यानें पोंचट दाणे तरंगून निघतात. तणभाताचा भरलेला दाणा मात्र तळाशीं बसतो, म्हणून तेवढ्यावर विसंबूं नये. मूठभर भात भरडून तांबडे दाणे मोजून पाहणें ही सोपी परीक्षा आहे.

दुसरा उपाय जमिनीचा सांठा रिकामा करण्याचा. पेरणीपूर्वीं पहिल्या पावसानें जें उगवेल तें उगवूं द्यावें, आणि वखरून किंवा नांगरून मोडावें. सवड असल्यास हें दोनदां करावें. कापणीनंतर गळलेले दाणे लगेच खोल नांगरून पुरूं नयेत. वर राहिल्यास पाखरें, उंदीर व ऊन त्यांचा फडशा पाडतात. खोल गेल्यास ते झोंपेंत सुरक्षित राहतात. उपद्रव फार झाला असेल त्या खाचरांत एक-दोन वर्षें पुन्हां लावणी करावी, व ती नवें बियाणें आणून करावी.

तिसरा उपाय डोळ्यांचा. ओळींत पेरलें असतां दोन ओळींमधील रोप परकें असें निश्चित समजतें. फोंकलेल्या शेतांत ही सोय नसते. निसवण्याच्या सुमारास उंच, आधीं निसवलेलीं, कुसळाचीं रोपें दाणा भरण्यापूर्वीं उपटून शेताबाहेर नेऊन नष्ट करावीं. बांधावरील व पाटांतील देवभातही फुलण्यापूर्वीं कापावें. रंगीत पानांचा वाण किंवा औषध सहन करणारा वाण घेतला, तर तो एखाद्या हंगामापुरता घेऊन बदलावा, आणि त्यांतून वांचलेलें एकही तणरोप पिकूं देऊं नये.

चौथा उपाय गांवाचा. भाड्याचें कापणीयंत्र या शेतांतून त्या शेतांत जातांना आपल्या पोटांतून तणभाताचे दाणे घेऊन जातें. तें झाडून स्वच्छ केल्यावांचून बांधाच्या आंत घेऊं नये. एका शेतकऱ्यानें आपलें खाचर निर्मळ केलें व शेजाऱ्यानें केलें नाहीं, तर वारा, पाट व यंत्र हीं तिन्ही तें पुन्हां बिघडवितील. तेव्हां आगामी पेरणीपूर्वीं प्रत्येक गांवांतील भातकऱ्यांनीं एकत्र बसून बियाण्याची परीक्षा, बांधावरील देवभाताची कापणी व यंत्राची सफाई या तीन गोष्टी तरी ठरवून घ्याव्या. उपद्रव थोडा असतांना हें काम चार माणसांचें व दोन दिवसांचें आहे. जमिनीचा सांठा एकदां भरला कीं त्यास अनेक वर्षें लागतात.